हनुवटीवरचे बोट

रोगांचा इतिहास आपल्याकडे बहुधा औषधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. देवीचे नाव निघाले की लशीची कथा येते आणि हिवतापाचे नाव निघाले की सिकंदराबादेजवळ बेगमपेठेत १८९७ साली डासाच्या पोटात हिवतापाच्या जंतूचा शोध घेणाऱ्या रोनाल्ड रॉसची कथा येते. आज मला जो इतिहास आपल्यापुढे मांडावयाचा आहे त्यात औषधाला फारसे स्थान नाही. तो एका साध्या हावभावाचा इतिहास आहे. हा हावभाव म्हणजे हनुवटीला लावलेले बोट. या बोटाने वैद्यांना शंभर वर्षे चकविले, अनेक निरपराध माणसांवर ढोंगीपणाचा आळ आणला, आणि शेवटी मेंदूच्या छायाचित्रांनी त्याची साक्ष नव्याने घेतली तेव्हा तेच बोट त्या माणसांच्या बाजूने उभे राहिले.

प्रथम त्या व्याधीचा परिचय करून घेऊ. एखाद्या माणसाची मान हळूहळू एका बाजूस वळू लागते. त्याची इच्छा नसते, तरीही वळते. मानेचे काही स्नायू सतत आवळलेले राहतात व समोर पाहावयाचे झाले की त्याला स्वतःच्याच शरीराशी झगडावे लागते. दुसऱ्या माणसाने दोन्ही हातांनी जोर लावला तरी ते डोके सहजासहजी सरळ होत नाही. परंतु तोच माणूस आपल्या हाताचे एक बोट हनुवटीला किंवा गालाला हलकेच टेकवितो, आणि काय आश्चर्य, मान सरळ होते! बोटाने काही ढकललेले नसते. केवळ स्पर्श झालेला असतो. बोट काढले की थोड्याच वेळात मान पुन्हा आपल्या जागी वळते.

या व्याधीला वैद्यकात मानेचा डिस्टोनिया म्हणतात. डिस्टोनिया म्हणजे स्नायूंच्या ताणाची विस्कटलेली व्यवस्था. ज्या स्नायूने ताणले जावे त्याच्याबरोबर त्याचा विरोधी स्नायूही ताणला जातो, शेजारचे स्नायूही विनाकारण त्यात सामील होतात आणि अवयव पिळला जातो. हा बिघाड मानेपुरताच असतो असे नाही. कोणाच्या पापण्या आपोआप घट्ट मिटतात, कोणाचा जबडा वाकडा होतो, तर कोणाच्या हाताला लेखणी धरली की पेटका येतो. आणि यांतील अनेकांपाशी स्वतः शोधून काढलेली अशी एखादी युक्ती असते. कोणी भुवईच्या कडेला बोट लावतो, कोणी तोंडात काडी धरतो, कोणी डोक्याचा मागचा भाग खुर्चीच्या पाठीला टेकवितो, कोणी लिहिताना दुसऱ्या हाताने लिहिणाऱ्या मनगटाला स्पर्श करतो. ही युक्ती त्यांना कोणी शिकविलेली नसते. एके दिवशी सहज हात लागतो, आराम वाटतो, आणि मग तो हात पुन्हा पुन्हा तेथेच जातो.

या इतिहासाचा आरंभ मानेपासून नव्हे, तर लेखणीपासून करावा लागतो. कामगारांच्या रोगांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिणारे इटलीचे वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांच्या व्याधींचा समावेश केला. सतत बसून राहणे, हाताची एकच एक हालचाल अखंड करीत राहणे, आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण, अशी तीन कारणे त्यांनी सांगितली. जन्मभर लेखनावर उपजीविका करणाऱ्या एका माणसाची हकीकतही त्यांनी नोंदविली आहे. त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने मोठ्या जिद्दीने डाव्या हाताने लिहिण्याचा अभ्यास केला, आणि काही काळाने डाव्या हातालाही तीच व्याधी जडली. या छोट्याशा हकीकतीत फार मोठे सूचन होते. बिघाड जर केवळ उजव्या हाताच्या स्नायूंत असता, तर ताज्या दमाच्या डाव्या हाताला तो का व्हावा? बिघाडाचे मूळ दोन्ही हातांना हुकूम देणाऱ्या ठिकाणी असले पाहिजे. परंतु हे सूचन वाचण्यास त्या काळी कोणी तयार नव्हते.

आपल्या हैदराबादेच्या श्रोत्यांना लेखनिकाचे जग अपरिचित नाही. हे शहर कित्येक पिढ्या दफ्तरांवर चालले. येथील सरकारी कारभार १८८४ पर्यंत फारशीत होता, नंतर तो उर्दूत आला. मराठवाड्याच्या तालुक्यांत गावकीचे कागद मराठीत, मोडी लिपीत लिहिले जात. मुनशी, कारकून, कुलकर्णी, पाटवारी या सर्वांचे पोट बोरूवर अवलंबून होते. मोडीची वळणेच अशी की हात न उचलता ओळ पुढे जावी. उर्दू वृत्तपत्रे तर संगणक येईपर्यंत कातिबांच्या हातानेच लिहून निघत. रोज ठरावीक वेळेस, ठरावीक आकाराची, एकाही फराट्याचा दोष नसलेली अक्षरे उतरली पाहिजेत, ही ज्या हाताची नोकरी, त्या हातावर केवढा भार असतो याची कल्पना आपण करू शकतो. अशा हाताला पेटका आला म्हणजे घरची चूल विझण्याचा प्रसंग.

इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात कचेऱ्या वाढल्या, पोलादी निबांच्या टाकांचा प्रसार झाला आणि लेखनिकांच्या तक्रारीही वाढल्या. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातील शल्यवैद्य सॅम्युएल सोली यांनी १८६४ मध्ये या व्याधीवर व्याख्याने दिली. पुढे विल्यम गॉवर्स या थोर मज्जाविकारतज्ज्ञाने तिचा समावेश धंद्यातून उद्भवणाऱ्या विकारांच्या वर्गात केला. लेखनिकांपाठोपाठ तारायंत्रावर काम करणाऱ्यांची पाळी आली. कडकट्ट करणाऱ्या त्या कळीवर दिवसभर बोट चालविता चालविता ते बोट हट्ट धरू लागले. १९०८ साली ब्रिटनमध्ये तारवाल्यांच्या या पेटक्याचा समावेश नुकसानभरपाईस पात्र असलेल्या विकारांच्या यादीत झाला. परंतु १९११ साली या प्रश्नाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी समितीने जो अहवाल दिला त्यात श्रमाच्या जोडीला रुग्णाच्या मज्जासंस्थेची मूळचीच दुर्बळता हेही कारण मानले गेले. म्हणजे भरपाई एका हाताने दिली आणि दोष दुसऱ्या हाताने रुग्णाच्याच पदरात टाकला.

दोष रुग्णावर येण्याचे खरे कारण मात्र पॅरिसमध्ये घडले होते. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात एदुआर ब्रिसो नावाचे विख्यात वैद्य होते. ते प्रसिद्ध मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांचे शिष्य. वळलेल्या मानेचे रुग्ण त्यांनी बारकाईने तपासले आणि हनुवटीवरच्या बोटाची किमया त्यांच्या नजरेत भरली. त्यांनी केलेला विचार वरवर पाहता बिनतोड होता. ज्या स्नायूंना बलदंड माणसाचा जोर हटवू शकत नाही, त्यांना जर रुग्णाचे स्वतःचे एक बोट हटवू शकते, तर स्नायूंत किंवा नसांत काहीही बिघाड नाही हे उघड आहे. बोटात जोर नाही, जोर रुग्णाच्या समजुतीत आहे. तेव्हा व्याधी मनाची, इच्छाशक्तीच्या दुर्बळतेची. त्यांनी तिला नावच मानसिक मानमोड अशा अर्थाचे दिले.

त्यांच्या मागून मेज आणि फाइंदेल या दोघांनी १९०२ साली शरीराच्या अनावर हालचालींवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी तो फार वाचला गेला. १९०७ साली त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. त्यात या युक्तीला त्यांनी जे नाव दिले त्याचा अर्थ परिणामकारक विरोधी हावभाव असा होतो, आणि त्या फ्रेंच नावातील पहिले दोन शब्द वैद्यकात आजही चालतात. ग्रंथाच्या आरंभीच एका रुग्णाची आत्मकथनपर हकीकत आहे. हा रुग्ण मोठा बुद्धिमान आणि विनोदी. आपले डोके जागेवर ठेवण्यासाठी हातातील काठीच्या मुठीचा आधार घेण्यापासून आपण कोणकोणत्या क्लृप्त्या योजल्या याचे वर्णन तो करतो. ती वाचताना आज आपल्याला त्याची चिकाटी दिसते. ग्रंथकारांना मात्र तीत बालिश मनाची खूण दिसली.

येथे एका गोष्टीची नोंद घेतली पाहिजे. ब्रिसो किंवा मेज हे निष्काळजी वैद्य नव्हते. त्यांचे निरीक्षण अचूक होते. आजही त्यात फारशी भर घालता येत नाही. चूक झाली ती अनुमानात. बोट म्हणजे बळ, आणि बळ पुरेसे नाही म्हणून ते मानसिक, असा त्यांचा तर्क. बोट हे बळ नसून बातमी असू शकेल, स्पर्शाच्या वाटेने मेंदूला पोहोचविलेला निरोप असू शकेल, ही शक्यता त्यांच्या हिशेबात आली नाही. मेंदूच्या आत काय चालते हे जिवंत माणसात पाहण्याचे कोणतेच साधन त्या काळी नव्हते. आणि मृत्यूनंतर मेंदू उघडून पाहिला तरी या व्याधीत बहुधा डोळ्यांना दिसेल असे काही सापडत नसे.

डोळ्यांना दिसते त्यावर सारा भरवसा टाकण्याचा असाच एक प्रसंग आपल्या हैदराबादेच्या इतिहासातही आहे. १८८८ आणि १८८९ साली येथे निजाम सरकारच्या आश्रयाने दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. येथील रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे त्यांचे प्रवर्तक. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन हे नामांकित तज्ज्ञ आले. पुष्कळ प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष असा निघाला की क्लोरोफॉर्मने श्वास आधी थांबतो, म्हणून वैद्याने श्वासाकडे लक्ष ठेवले की पुरे. हृदयाची भीती बाळगण्याचे कारण नाही. श्वास डोळ्यांना दिसत होता. परंतु १९११ साली गुडमन लेव्ही यांनी प्रयोगाने दाखवून दिले की हलक्या भुलीच्या अवस्थेत हृदयाचे ठोके अकस्मात विस्कटून ते बंद पडू शकते. आयोगाने मेहनत कमी केली नव्हती. जे घडत होते ते पाहण्याची रीत अपुरी होती. वळलेल्या मानेच्या बाबतीतही नेमके हेच घडले.

सर्वच वैद्य ब्रिसोच्या मताचे नव्हते. १९११ साली बर्लिनच्या हेर्मान ओपेनहाइम यांनी अंग पिळवटून टाकणाऱ्या व्याधीने ग्रस्त अशा काही मुलांचे वर्णन केले आणि डिस्टोनिया हा शब्द प्रथम वापरला. ही व्याधी शरीराची आहे, मनाची नव्हे, असे त्यांचे मत होते. परंतु पुढे मनोविश्लेषणाचा जमाना आला. वळलेली मान म्हणजे कशापासून तरी तोंड फिरविणे, पेटका आलेला हात म्हणजे कामाविषयीचा दडपलेला राग, असे अर्थ लावले जाऊ लागले. मुलांना आणि प्रौढांना हिस्टेरियाची चिठ्ठी लागली. ज्यांना खरोखर उपचाराची गरज होती त्यांना उपदेश मिळाला. मन घट्ट करा, लक्ष देऊ नका, चांगल्या गोष्टींचा विचार करा. त्यातून बोटाने मान सरळ होताना घरच्यांनी पाहिली की त्यांचाही समज पक्का होई. आत्ता सरळ झाली ना? मग मघाशी का होत नव्हती? रुग्णापाशी या प्रश्नाचे उत्तर नसे.

हा समज मोडून काढण्याचे श्रेय मुख्यतः लंडनच्या डेव्हिड मार्सडेन यांना द्यावे लागते. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी पापण्यांचा, जबड्याचा, मानेचा व हाताचा पेटका ही एकाच वृक्षाची फळे आहेत असे मांडले. १९८२ साली शीही आणि मार्सडेन यांनी लेखनिकाच्या पेटक्याचे रुग्ण तपासून दाखविले की मानसिक विकारांचे प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा अधिक नाही, आणि हा पेटका म्हणजे एका अवयवापुरता मर्यादित असलेला डिस्टोनियाच आहे. १९८९ साली अमेरिकेत बोट्युलिनम या विषाची अत्यल्प मात्रा टोचून पापण्यांचा पेटका सैल करण्यास परवानगी मिळाली व पुढे मानेसाठीही तिचा वापर मान्य झाला. १९९७ साली ओपेनहाइम यांनी वर्णिलेल्या बालवयातील व्याधीचे एक आनुवंशिक कारण, विशिष्ट जनुकातील दोष, हाती लागले. मनाची म्हणून हिणविलेली व्याधी जनुकात सापडली. तरीही ब्रिसोचा मूळ प्रश्न शिल्लकच होता. व्याधी शरीराची असेल, तर ती एका बोटाने कशी हटते?

या प्रश्नाला उत्तर देण्याचे सामर्थ्य मेंदूच्या चित्रणाने दिले. या चित्रणाची रीत थोडक्यात सांगतो. मेंदूचा जो भाग काम करू लागतो त्याला रक्त अधिक लागते. तेव्हा रक्त कोठे अधिक धावते हे कळले की काम कोठे चालू आहे हे कळते. पॉझिट्रॉन चित्रणात किरणोत्सर्गी प्राणवायूपासून बनविलेले पाणी अत्यल्प प्रमाणात शिरेतून देतात. हा प्राणवायू सुमारे दोन मिनिटांत निम्मा होतो. म्हणून तो जवळच्याच यंत्रात तयार करून लगेच वापरावा लागतो. त्यातून निघणाऱ्या किरणांवरून रक्ताच्या वाटा टिपता येतात. दुसरी रीत चुंबकाच्या साहाय्याने चालणाऱ्या एमआरआय यंत्राची. तिला किरणोत्सर्गी द्रव्य लागत नाही, परंतु डोके अगदी निश्चल ठेवावे लागते; आणि ज्याचे दुखणेच डोके निश्चल राहत नाही हे आहे, त्याच्यावर ही रीत चालविणे किती अवघड हे निराळे सांगावयास नको.

२००० साली जर्मनीतील मार्कुस नाउमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानेच्या डिस्टोनियाच्या सात रुग्णांचे पॉझिट्रॉन चित्रण केले. या सातांनाही स्पर्शाची युक्ती हमखास लागू पडत असे. युक्ती केलेली नसताना आणि युक्ती करून मान जवळजवळ सरळ झालेली असताना, अशा दोन्ही अवस्थांतील चित्रांची तुलना केली गेली. बोट लागले असताना मेंदूच्या पार्श्विक खंडात, विशेषतः मान ज्या बाजूस वळत असे त्या बाजूच्या खंडात, काम वाढलेले दिसले. डोक्याच्या मागील भागातील दृष्टीशी संबंधित क्षेत्रांतही ते वाढले. उलट हालचालीची योजना आखणाऱ्या पुढच्या क्षेत्रात आणि स्नायूंना प्रत्यक्ष हुकूम सोडणाऱ्या क्षेत्रात काम कमी झाले.

याचा अर्थ काय? पार्श्विक खंड हे आपल्या शरीराचा नकाशा सांभाळणारे ठिकाण. डोके कोठे आहे, धड कोणत्या दिशेस आहे, हात किती दूर आहे, याचा जमाखर्च तेथे सतत चालू असतो. आपण डोळे मिटूनही स्वतःचे नाक चाचपू शकतो ते या जमाखर्चाच्या बळावर. मानेच्या डिस्टोनियात या नकाशाचा तोल एका बाजूस कललेला असावा, मेंदूला मधली रेषाच चुकीच्या जागी दिसत असावी, आणि पुढचा भाग त्या चुकीच्या नकाशाप्रमाणे प्रामाणिकपणे मान वळवीत असावा, असे या संशोधकांनी मांडले. हनुवटीला बोट लागले की मेंदूला एक पक्का खुंट मिळतो. बोट कोठे आहे हे त्याला हाताकडून कळते, हनुवटी कोठे आहे हे त्वचेकडून कळते. दोन्ही बातम्यांचा मेळ बसला की नकाशा सरळ होतो आणि वेड्यावाकड्या हुकमांचा जोर ओसरतो. मोजणीच्या कामावर असलेल्या कोणाही भूमापकाला हे पटेल. एक खुंट खात्रीचा मिळाला की शेताची सारी हद्द सुधारून घेता येते. त्यासाठी शेत ढकलावे लागत नाही.

अर्थात सात रुग्णांवरून शेवटचा निवाडा होत नाही. चित्रात दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण आहे असेही ठरत नाही. मान सरळ झाल्यामुळे चित्र बदलले, की चित्र बदलल्यामुळे मान सरळ झाली, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी इतर पुरावा जोडून पाहावा लागतो. स्नायूंतील विजेचे माप घेणाऱ्यांना १९९९ साली असे आढळले होते की काही रुग्णांत हात नुसता चेहऱ्याकडे निघाला, अजून बोट टेकलेही नाही, तोच मानेचे स्नायू सैल पडू लागतात. तेव्हा मान सरळ होण्याच्या आधीच मेंदूत काही तरी बदललेले असते. त्याआधी १९९६ साली माकडांवर झालेल्या प्रयोगांत एकच हालचाल हजारो वेळा करावयास लावली असता मेंदूतील बोटांचे नकाशे एकमेकांत मिसळून गेलेले दिसले होते. रामाझ्झिनींचा लेखनिक आठवावा. एकच एक हालचाल, अखंड. स्पर्शाचा नकाशा बिघडला की हालचाल बिघडते, ही गोष्ट या दोन वाटांनीही पुढे आली.

यापेक्षाही चमत्कारिक एक गोष्ट आहे. १९९८ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी नमूद केले की काही रुग्णांना प्रत्यक्ष बोट न लावता, बोट लावले आहे अशी नुसती कल्पना केली तरी आराम पडतो. हे ऐकून कोणी म्हणेल, मग ब्रिसोचेच खरे ठरले की! कल्पनेने बरे होते ते मनाचेच दुखणे. या आक्षेपाला उत्तर दिलेच पाहिजे. स्पर्शाची कल्पना करणे हेही मेंदूचेच काम आहे, आणि त्यासाठी प्रत्यक्ष स्पर्शाच्या वेळी वापरात येणारी अनेक क्षेत्रे वापरली जातात. नकाशा दुरुस्त करणारी बातमी बाहेरून आली काय किंवा आतून उठली काय, ती एकाच कचेरीत दाखल होते. ब्रिसोच्या विचारात एका बाजूस शरीर आणि दुसऱ्या बाजूस मन असे दोन वेगळे वाडे होते. एका वाड्यात दोषी सापडला नाही की तो दुसऱ्या वाड्यात आहे असे ठरे. चित्रणाने या दोन वाड्यांमधली भिंतच काढून टाकली. आणि भिंत गेली की ढोंगीपणाचा आरोपही निराधार होतो.

अशीच युक्ती हालचालींच्या दुसऱ्या एका मोठ्या व्याधीतही आढळते. ती म्हणजे कंपवात, अर्थात १८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी वर्णन केलेली व्याधी. या व्याधीत पुष्कळदा चालता चालता पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. परंतु अशा रुग्णासमोर जमिनीवर आडव्या रेषा आखल्या तर तो एकेक रेषा ओलांडीत चालू लागतो. लंडनचे पर्डन मार्टिन यांनी १९६७ सालच्या आपल्या ग्रंथात याचे वर्णन केले आहे. १९९९ साली जपानमधील हानाकावा आणि सहकाऱ्यांनी फिरत्या पट्ट्यावर रुग्णांना चालवून त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. एकदा आडव्या रेषा, एकदा चालण्याच्या दिशेने उभ्या रेषा. आडव्या रेषांनी चालणे सुधारले आणि त्या वेळी मेंदूच्या उजव्या बाजूस, डोळ्यांनी पाहिलेल्या खुणेप्रमाणे हालचाल घडविणाऱ्या क्षेत्रात, काम वाढलेले आढळले. आतून आपोआप चालविणारी वाट बंद पडली असता बाहेरच्या खुणेवर चालणारी दुसरी वाट उघडली गेली. आपल्या इकडील जुन्या घरांतून शहाबादी फरशी असते. तिच्या सांध्यांच्या आडव्या रेषांवर नजर ठेवून पाऊल टाकण्यास घरातील वृद्धाला सुचवून पाहण्यास पैसा लागत नाही; मात्र शेजारी आधाराला कोणी असावे, आणि वैद्याला विचारून करावे.

मेंदूत हालचालींच्या अशा निरनिराळ्या वाटा असतात या विचाराला आपल्या शहरातूनही हातभार लागलेला आहे. त्या वेळी हैदराबाद विद्यापीठात असलेले प्राध्यापक राजू बापी यांनी जपानचे केंजी दोया आदींसह २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. हालचालींची एखादी मालिका माणूस शिकतो तेव्हा ती प्रथम जागांच्या, नजरेच्या भाषेत साठविली जाते आणि सरावाने हाताच्या, स्नायूंच्या भाषेत उतरते. या दोन अवस्थांत मेंदूची जाळी निराळी असतात, असे त्यांना एमआरआय चित्रणातून दिसले. पाटीवर अक्षर गिरविणाऱ्या मुलाला रोज पाहणाऱ्या शिक्षकाला हे सहज पटेल. पहिल्या महिन्यात मूल अक्षर पाहून काढते, वर्षभराने न पाहता काढते. जी हालचाल हातात इतकी खोल उतरलेली असते, तिच्यातच लेखनिकाचा पेटका शिरतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तोच हात सुई ओवतो, भाजी चिरतो, तेव्हा पुष्कळदा त्याला काहीही होत नाही.

उपचारांच्या बाजूने पाहिले तर पंजागुट्ट्याच्या निजाम इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेचे नाव घ्यावे लागते. १९६४ साली निजामाच्या धर्मादाय निधीतून हाडांच्या रुग्णालयाच्या रूपाने ती सुरू झाली आणि पुढे तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेथील मज्जाविकार विभागाचे डॉ. रूपम बोरगोहाईन हे कंपवातावरील साफिनामाइड या औषधाच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे प्रमुख लेखक होते. ज्या शहराने एका काळी क्लोरोफॉर्मच्या चौकशीसाठी विलायतेहून तज्ज्ञ बोलाविले, त्याच शहरातील वैद्य अशा चाचण्यांचे नेतृत्व करू लागले, ही गोष्ट हैदराबादकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

परंतु विद्या रुग्णालयापर्यंत पोहोचली म्हणजे ती घरापर्यंत पोहोचली असे होत नाही. माझ्या परिचयाचे एक लेखनिक होते. अक्षर मोत्यासारखे. चाळिशीनंतर लेखणी धरताच त्यांचा अंगठा आत वळू लागला. त्यांनी लेखणी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरून पाहिली, डाव्या हाताची दोन बोटे उजव्या मनगटावर टेकवून पाहिली, आणि या युक्तीने काम काही वर्षे रेटले. कचेरीत मात्र त्यांच्या मागे हसू होत असे. डबा खाताना हात चांगला चालतो आणि रजिस्टर पुढे आले की वाकडा होतो, हे सोंग नव्हे तर काय, असे वरिष्ठ म्हणत. अखेर त्यांनी मुदतीपूर्वी नोकरी सोडली. ज्या लक्षणावरून जाणत्या वैद्याने व्याधी ओळखली असती, त्याच लक्षणावरून त्यांना अप्रामाणिक ठरविले गेले. शंभर वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये झालेला तर्क त्या कचेरीत, ब्रिसोचे नावही न ऐकलेल्या माणसांनी, जसाच्या तसा पुन्हा केला होता.

म्हणून या इतिहासाचे आजचे प्रयोजन असे आहे. स्पर्शाने आराम पडणे हे या व्याधींत ढोंगाचे चिन्ह नव्हे. ते निदानाला मदत करणारे चिन्ह आहे, आणि मज्जाविकाराचे वैद्य रुग्णाला ते आवर्जून विचारतात. रुग्णाने आपली युक्ती लपवू नये. मी बोट लावले की बरे वाटते, हे वैद्याला मोकळेपणाने सांगावे, करून दाखवावे. युक्तीने व्याधी बरी होत नाही, आणि काळाच्या ओघात तिचा गुणही पुष्कळदा कमी होत जातो. म्हणून तिच्यावर विसंबून उपचार लांबणीवर टाकू नयेत. बोट्युलिनमची सुई आहे, औषधे आहेत, आणि फारच तीव्र व्याधी असेल तर मेंदूच्या खोल भागात विजेची तार बसविण्याची शस्त्रक्रियाही आहे. यांपैकी काय योग्य ते वैद्याने ठरवावे.

आणि आपल्यासारख्या इतरांनी काय करावे? बसमध्ये, कचेरीत, शाळेच्या वर्गात एखादा माणूस पुन्हा पुन्हा हनुवटीला बोट लावताना, भुवई चाचपताना किंवा लेखणी विचित्र रीतीने धरताना दिसला तर त्याच्याकडे टक लावून पाहू नये, आणि त्याला तसे करण्यापासून रोखू नये. वर्गात लेखणी वेगळ्या प्रकाराने धरणाऱ्या मुलाच्या बोटांवर पट्टी मारण्यापूर्वी आम्हा शिक्षकांनी क्षणभर थांबून त्याला कारण विचारावे. त्याच्या मेंदूला त्या क्षणी त्या स्पर्शाची गरज असू शकेल.